जाते, गिरणी आणि सूर्यनमस्कार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यावर एखादा लेख द्यावा, असा चिटणीसबाईंचा आग्रह. मी डॉक्टर नाही, आहारशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. शाळेत इतिहास शिकविण्यात माझी उमर गेली. हे त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आरोग्याचा इतिहासच लिहा की!" सूचना थट्टेची असली तरी मला ती पटली. कारण आपल्या मंडळातील नोकरदार भगिनींशी व्यायामाची गोष्ट काढली की दोनच उत्तरे कानांवर येतात. तरुण भगिनी म्हणतात, "काय करावं माय, दिवस पुरत नाही!" आणि वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होता हा व्यायाम? कामातच सगळा व्यायाम व्हायचा." ही दोन्ही उत्तरे एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत. ती कितपत खरी आहेत हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागते, आणि त्यासाठी आपल्याला आपला जिल्हा सोडण्याचीही फारशी गरज पडत नाही.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले आहे. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी तेथे ठोसरांच्या घरी नारायण जन्मास आला, तेच पुढे समर्थ रामदास झाले. वडील सूर्याजीपंत हे सूर्योपासक. पुढे नाशिकजवळ टाकळीस समर्थांनी बारा वर्षे तप केले आणि त्या काळात ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे समर्थसंप्रदायाची परंपरा सांगते. आकड्याचा आग्रह मी इतिहासाची शिक्षिका म्हणून धरणार नाही. परंपरेचे आकडे भक्तीने मोजलेले असतात. पण बलोपासना हा धर्माचरणाचा भाग आहे, दुबळ्या शरीराने ना प्रपंच होतो ना परमार्थ, ही गोष्ट त्यांनी महाराष्ट्राच्या गळी उतरविली, आणि कृष्णाकाठच्या मुलखात मारुतीची अकरा देवळे स्थापून ती लोकांच्या डोळ्यांसमोर कायमची उभी केली, यात शंका नाही. ह्या शिकवणीचा उगम आपल्या जिल्ह्यातल्या मातीत आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे.

परंतु ह्या अभिमानाच्या पोटात एक अडचण आहे. गावोगाव मारुती आला, त्याच्या शेजारी तालीम आली, तालमीत लाल माती आली, आणि ह्या तिन्ही जागा पुरुषांच्या झाल्या. शनिवारी तेल वाहण्यासाठी बाईने देवळापर्यंत जावे, ते वाहून घरी परतावे. तालमीच्या उंबरठ्याच्या आत तिचे काही काम नाही. वास्तविक समर्थांच्या स्वतःच्या शिष्यपरिवारात स्त्रियांना मान होता. वेण्णाबाईंकडे मिरजेचा मठ होता, आणि समर्थांच्या पश्चात चाफळ-सज्जनगडाकडील कारभारात अक्काबाईंचा हात होता. बाईला मठ चालविता येतो असे ज्या संप्रदायाने सतराव्या शतकात मानले, त्याच्या बलोपासनेतून मात्र पुढच्या लोकांनी बाईला अलगद वगळले. का, तर तिला घरात काम असते, तिला आणखी व्यायाम कशाला?

आता ते घरातले काम काय होते ते पाहू.

माझी मोठी आत्या गोदाकाठच्या एका खेड्यात दिलेली होती. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे राहत असे. पहाटे चारच्या सुमारास जात्याची घरघर सुरू होई. घरात खाणारी तोंडे अकरा. रोजची ज्वारी साडेचार-पाच शेर तरी लागे. आत्या आणि तिची जाऊ समोरासमोर बसत, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्याला दोघींचे हात, आणि ओवी एकीने उचलावी, दुसरीने झेलावी. दळण उरकायला दीड-दोन तास सहज जात. मग आडावरून पाणी. पोहरा खाली सोडून ओढायचा, घागर भरायची, डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घेऊन यायचे. अशा आठ-दहा खेपा. मग शेणगोठा, सारवण, चुलीपुढे भाकरी थापणे, भाकरी बांधून शेतात नेणे, तिथे खुरपणे किंवा वेचणी, येताना डोक्यावर सरपणाचा भारा. आजच्या भाषेत बोलायचे तर खांदे, पाठ, पोट, मांड्या, साऱ्या स्नायूंना रोजचे चार-पाच तास काम. एखाद्या पैलवानानेही हात जोडावेत असा हा आखाडा.

जात्यावरच्या ओव्यांची महती मी येथे सांगत बसत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. ते काम मोठे आहे. मला येथे एवढेच सांगायचे आहे की दमलेल्या बाईला श्वासाची लय ओवीने मिळत असे. दम लागला की ओवी तुटते, ओवी तुटली की हात मंदावतो. म्हणून दोघी आलटून पालटून गात. आजचे व्यायामशिक्षक सांगतात की बोलता यावे पण गाता येऊ नये इतक्या वेगाने चालावे. आमच्या आत्या गातही होत्या आणि ओढतही होत्या!

तर मग आत्या निरोगी असायला हवी होती. ती नव्हती. माझ्या आठवणीतली आत्या पिवळट पांढरी आहे. जिना चढून माडीवर आली की ती भिंतीला हात टेकून उभी राही. सातव्या बाळंतपणानंतर ती उठली नाही. तिचे वय तेव्हा छत्तीस-सदतीस असेल. मी पाचवीत होते. त्या काळी लोकांनी 'पंडुरोग' म्हटले, 'बाहेरचे' म्हटले, नशीब म्हटले. 'कामातच व्यायाम व्हायचा' असे कोणी म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकलेला तो हात येतो. काम होते, हे खरे. व्यायाम मात्र नव्हता. व्यायामानंतर विसावा असतो आणि पोटभर अन्न असते, निदान असायला हवे.

आणि अन्न? अन्न वाईट नव्हते, ही तर ह्या कथेतली सर्वांत चुटपूट लावणारी गोष्ट आहे. ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात बाजरीची, तुरीचे वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडी, घोळ, चाकवत, तांदुळजा, पाथरी ह्या बांधावरच्या भाज्या, जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या, वर ताक. आजचा आहारतज्ज्ञ शुल्क घेऊन जो कागद लिहून देतो, त्यात ह्यापेक्षा निराळे फारसे काही नसते. ह्या अन्नाची थोरवी फार पूर्वी प्रयोगशाळेतही दिसून आली होती. रॉबर्ट मॅक्कॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे आहारसंशोधनाला आरंभ केला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था त्याच रोपट्याचा वृक्ष. मॅक्कॅरिसनसाहेबांनी हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घालून त्यांची वाढ मोजली. पहिला नंबर शिखांच्या आहाराचा, दुसरा पठाणांच्या, आणि तिसरा आपल्या मराठी आहाराचा आला. पॉलिश केलेल्या तांदळावर भिस्त असलेला मद्रासकडील आहार तळाशी राहिला. धान्य, डाळ, हिरवी भाजी आणि दूध-दुभते यांचा मेळ जेथे, तेथे वाढ चांगली, असा त्याचा मथितार्थ.

फक्त एक गोष्ट त्या प्रयोगात नव्हती. ते उंदीर सर्वांची जेवणे झाल्यावर जेवायला बसत नव्हते. आमच्या आत्यापुढे ताट येई तेव्हा वरण तळाला गेलेले असे, भाजी संपलेली असे, दूध-तूप पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात पडून गेलेले असे. राहिलेली भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाणी. आठवड्यातून दोन-तीन उपास वेगळेच. तेव्हा 'जुने अन्न चांगले' हे वाक्य पुरे नाही; ते बाईच्या ताटात किती पडत होते, हे विचारावे लागते. सलग बाळंतपणे हा त्यावरचा कळस. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, तेव्हा त्यांना शिव्याशाप सोसावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. स्त्रीच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना माझ्या मते ह्या एका माणसाचे नाव डझनभर तालमींच्या आधी यावे. आत्याच्या गावापर्यंत मात्र ते मासिक कधी पोचले नाही.

जालन्याला मुंबई-पुण्याचे वारे उशिरा लागले, याला कारणेही होती. रेल्वे आली १९०० साली, पण ती निजामाच्या मुलखातली. आणि मुलूख निजामाचा असल्यामुळे सभा, संमेलने, खाजगी शाळा, इतकेच काय, आखाडे काढावयालाही सरकारची परवानगी लागत असे. 'गश्ती निशाण त्रेपन्न' ह्या फर्मानाची आठवण जुनी माणसे अजून काढतात. १९३७ साली आपल्या परतुरास महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते ह्या पार्श्वभूमीवर. ज्या राज्यात पुरुषांच्या तालमीवरही डोळा होता, तेथे स्त्रियांच्या व्यायामवर्गाची कल्पना कोण करणार? १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मोकळा झाला तेव्हा ब्रिटिश मुलखातल्या मराठी माणसाच्या व्यायामचळवळीला चांगली तीस-चाळीस वर्षे झाली होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्यांचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आला होता. कुवलयानंदांचे कैवल्यधाम लोणावळ्यास १९२४ साली निघाले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तेथे यंत्रांनी मोजले जाऊ लागले. बडोद्यास माणिकरावांचा आखाडा गाजत होता.

पण ह्या साऱ्या चळवळीत घरच्या बाईच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल जर कोणी टाकले असेल, तर ते औंधच्या एका राजाने, असे मला वाटते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे औंधचे बाळासाहेब, १८६८ साली जन्मले. चित्रकार, कीर्तनकार, आणि प्रजेला स्वतःहून स्वराज्य देणारे विलक्षण गृहस्थ. तरुणपणी सँडो नावाच्या जर्मन पैलवानाच्या पद्धतीने त्यांनी काही वर्षे डंबेल्स वगैरे उचलून पाहिली, आणि मग ते सूर्यनमस्काराकडे वळले ते कायमचे. त्यांनी काय केले, तर भक्तीचा जो आचार होता त्याचे नियमबद्ध व्यायामात रूपांतर केले. दहा अवस्था ठरविल्या. प्रत्येक अवस्थेत हात कोठे, गुडघा कसा, श्वास घ्यावयाचा की सोडावयाचा हे लिहून ठेवले. आज शाळेत ज्या बारा अवस्था शिकवितात, त्या ह्याच कुळातल्या. संस्थानातील शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले, आणि मुलांना तसेच मुलींना. राजवाड्यातील स्त्रियाही ते घालीत.

१९३६ साली राजेसाहेब विलायतेस गेले तेव्हा अडुसष्ट वर्षांचा हा ताठ कण्याचा मनुष्य पाहून तेथील लुईज मॉर्गन नावाच्या एका बाईंना, त्या वर्तमानपत्रात लिहीत, मोठे कुतूहल वाटले. त्यांनी लेखमाला लिहिली आणि १९३८ साली लंडनमध्ये दहा अवस्थांच्या ह्या व्यायामाचे पुस्तक त्यांच्या संपादनाखाली निघाले. त्या पुस्तकाचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. ते पैलवानांसाठी नव्हते. घर, मुले, नोकरी यांच्या रगाड्यात सापडलेल्या सामान्य इंग्रज बायकांना ते उद्देशून होते. उपकरणे नकोत, मैदान नको, जोडीदार नको. साडेपाच हात लांब जागा आणि थोडी मिनिटे. ज्या नमस्काराची परंपरा आपण जांबेच्या समर्थांशी जोडतो, तो नमस्कार लंडनच्या गृहिणीच्या माजघरात १९३८ साली पोचला. जांबेच्या गृहिणीच्या माजघरात तो पोचायला आणखी किती वर्षे लागली, हे आपणच आठवून पाहावे!

नमस्कारातली मला आवडणारी खुबी अशी, की जात्यावर शरीराच्या ज्या भागांना काम पडे, त्या बहुतेक सर्वांना तो काम देतो, पण एकाच बाजूला रगडत नाही. जात्याने आमच्या आत्याचा एक खांदा खाली उतरला होता. नमस्कारात पुढे वाकणे आहे तसे मागे वळणे आहे. उजवा पाय आहे तसा डावा आहे. आणि तो आपण आपल्यासाठी घालतो. हा शेवटचा मुद्दा लहान दिसतो खरा. दळण घरासाठी, पाणी घरासाठी, सरपण घरासाठी. आपल्यासाठी म्हणून बाईने दिवसातून दहा मिनिटे काढणे हे त्या काळी जवळजवळ उच्छृंखलपणाच समजले जाई. अपवाद फक्त श्रावणातल्या मंगळागौरीचा आणि नागपंचमीच्या झोक्याचा. फुगडी, झिम्मा, पिंगा, गाठोडे, कोंबडा हे खेळ काय साधे आहेत? रात्रभर जागून घातलेली बसफुगडी घोट्यांची आणि मांड्यांची कसोटी पाहते. पण सणाच्या नावाखालीच तेवढी मोकळीक, आणि तीही वर्षातून थोडे दिवस.

मग गिरणी आली. आमच्या भागात स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्या बसल्या. तिच्या धुराड्याचा तो टुक्‌टुक् आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना आठवेल, की तो ऐकून म्हाताऱ्या माणसांनी नाके मुरडली: गिरणीच्या पिठात कस नाही, ते जळते, सुना आळशी होणार. बायकांनी मात्र एका शब्दानेही जात्याची बाजू घेतली नाही. डोक्यावर डबा घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना मुळीच दोष देत नाही. जात्याबद्दल हळवे होऊन लिहिणारी मंडळी बहुधा जात्यावर न बसलेली असतात.

गिरणीमागून नळ आला, रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस, मिक्सर. त्याच सुमारास सरकारी योजनाही दारात आल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजनेचा आरंभ झाला आणि तिच्या पाठोपाठ ग्रामसेविका आणि महिला मंडळ हे दोन शब्द खेड्यात रुळले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. साठीच्या दशकात पोषण-आहाराच्या योजनेत परसबाग, कोंबड्या, पालेभाज्या यांचा प्रचार झाला. १९७५ पासून अंगणवाड्या आल्या. ह्या कामांत शिवणयंत्र आणि पापड यांना जितकी जागा मिळाली तितकी व्यायामाला मिळाली नाही, हे नमूद केलेच पाहिजे. बाईने काही शिकायचे तर त्यातून घराला चार पैसे मिळाले पाहिजेत, हा हिशेब मंडळांच्याही मनात होता.

१९७२ च्या दुष्काळाने मात्र पुन्हा एकदा दाखवून दिले की श्रम आणि आरोग्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपला मुलूख तेव्हा औरंगाबाद आणि परभणी ह्या जिल्ह्यांत वाटलेला होता. जालना जिल्हा झाला तो पुढे १ मे १९८१ रोजी. पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर हजारो बायकांनी खडी फोडली, पाट्या वाहिल्या. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो, आणि मुलांना सुकडी. त्या कामांवरच्या बायकांच्या दंडांत बळ होते, पण गालांवर रक्त नव्हते. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे श्रेय त्या बायकांच्या घामालाही द्यावे लागेल.

दुष्काळानंतरच्या काळात ताटही बदलले. जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून नावारूपाला आले; बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतात संकरित वाण आले, मग कापूस पसरला, मोसंबीच्या बागा वाढल्या, अलीकडे सोयाबीन. पैसा आला आणि तो यायलाच हवा होता. पण ज्वारीचे वावर आटले, आणि भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने घेतली. पोळी ही प्रतिष्ठेची, भाकरी गरिबीची, असे आपण मुलांना न बोलता शिकविले. माझी आई गाव सोडून जालन्यास आली, गिरणी-नळ-गॅसच्या सुखात तिची पुढची पंचवीस वर्षे गेली. ताटात भात, पोळी, बटाटा, दुपारच्या चहाबरोबर बिस्किटे. हालचाल म्हणाल तर ओट्यापासून देवघरापर्यंत. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. आत्या श्रमाने आणि उपासमारीने गेली; आईला आरामाने आणि साखरेने गाठले. एकाच घरातल्या नणंद-भावजया, मध्ये अंतर फार तर तीस वर्षांचे.

हा काही आमच्याच घराचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि त्याच पाहणीत जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतातील मधुमेही माणसांचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला. आत्याचा रोग गेलेला नाही आणि आईचा आला आहे. काही घरांत तर दोन्ही एकाच बाईला.

आता 'दिवस पुरत नाही' ह्या तक्रारीकडे वळते. ती खोटी नाही. आपल्या मंडळातील एक भगिनी बँकेत आहेत, एक परिचारिका आहेत, दोघी रोज एस. टी. ने अंबडला जाऊन शाळेत शिकवितात. त्यांना सकाळी तासभर फिरा असे सांगणे म्हणजे थट्टा होय. सुदैवाने शास्त्रही तेवढे मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे प्रमाण सांगितले, त्यात प्रौढ माणसाला आठवड्यास दीडशे मिनिटे ते तीनशे मिनिटे दम लागेल अशी हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असे आहे. दीडशे मिनिटांचे रोजचे होतात एकवीस-बावीस. ती सलगच हवीत असेही नाही. बारा नमस्कारांना सावकाश घातले तरी चार-पाच मिनिटे लागतात. सकाळी बारा, संध्याकाळी दिवा लावण्याआधी बारा. एस. टी. स्टँडपासून शाळेपर्यंत दहा मिनिटे झपझप चालले की रिक्षाचे पैसेही वाचतात. चाळिशीनंतर बाईची हाडे आणि स्नायू झिजू लागतात, म्हणून नुसते चालणे पुरत नाही. हातांवर भार पडेल असे काही हवे, आणि नमस्कारात ते आपोआप आहे. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, नुकतेच बाळंतपण झाले असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे; भिंतीला हात टेकून किंवा खुर्चीच्या आधाराने घालण्याचे नमस्कारही आपल्या वर्गात शिकविले जातात.

आहाराचे म्हणाल तर गावाकडचे ताट परत आणावे, फक्त बाईने ते सर्वांबरोबर बसून खावे. बाजरीत ज्वारीच्या जवळजवळ दुप्पट लोह आहे. पण नुसते लोह असून भागत नाही, ते अंगी लागायला आंबट फळाचा हात लागतो. त्यासाठी आपल्या जिल्ह्याइतके भाग्यवान कोण? जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जेवणाबरोबर मोसंबीच्या फोडी खाव्यात, रस काढून साखर घालून नव्हे. लिंबाची फोड असली तरी चालेल. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय मात्र मोडावी, कारण चहा ते लोह अडवून धरतो. डाळ-उसळ रोज, शक्य असेल त्यांनी अंडे. जवसाची चटणी बरणीत भरलेली असावी, म्हणजे घाईच्या दिवशी भाकरी-चटणी-दही हे जेवण दहा मिनिटांत होते आणि डब्यातही बसते. आदल्या रात्री मटकी भिजत घालायला एक मिनिट पुरते. मीठ दिवसाला एक लहान चमचा, लोणचे-पापडातले त्यातच धरून. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा मोठ्या शहरांतील हॉटेलांत आपली भाकरी चांदीच्या ताटलीत गेली म्हणतात. आपल्याकडे ती परातीतच बरी.

आपल्या वर्गाला येणाऱ्या बाई परवा एक नवे आसन शिकवीत होत्या. पाय लांब पसरून बसायचे, दोन्ही हात एकमेकांत गुंफायचे आणि समोर जाते आहे असे समजून ते गोल फिरवायचे. दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. नाव 'चक्की चालनासन'. तरुण मुली खुशीत फिरवीत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या, ऐंशीच्या घरातल्या आमच्या सर्वांत वडील सभासद थोडा वेळ पाहत राहिल्या आणि मग मला हळूच म्हणाल्या, "ह्याच्यात पीठ निघत नाही, तेच बरंय, माय." आणि त्यांनीही हात गुंफले.

वर्ग सोमवार ते शनिवार, सकाळी सहा ते साडेसहा, मंडळाच्या सभागृहात भरतो. ज्यांना पहाट जमत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी साडेसहाचा वर्ग सुरू करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. निदान पंधरा नावे यावीत, एवढीच अट आहे. आजवर अकरा आली आहेत.